दारावर टांगलेले सद्गुण

वाईट माणसांचे किस्से पोलीस ठाण्यात जमत असतील. चांगलं व्हायला निघालेल्या माणसांचे आमच्या बिल्डिंगमध्ये जमतात! आणि जमतात कसे, तर स्वयंपाकघरातल्या झाकणांसारखे. कुठल्या डब्याचं कुठलं ते कळत नाही, पण ड्रॉवर उघडला की सगळी अंगावर.

मी शाळेत गणित शिकवते. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरं असतात. या किश्श्यांच्या शेवटी मी बरंच शोधलं, उत्तर काही सापडलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला काही कळलं तर मलाही सांगा.

डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. तिच्यात तीन ख्रिस्ती घरं, तिन्ही मूळची नगरकडची. एक आमचं, म्हणजे मी आणि माझे वडील, अप्पा. समोरच्या दारात साळवे काका आणि मार्था काकू. खाली पहिल्या मजल्यावर नर्स शालिनीताई. दर शुक्रवारी संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी कॉटेज मीटिंग. दोन गीतं, एक वचन, लांबलचक प्रार्थना आणि मग चहा-चिवडा.

आमच्या पाळकांचं नाव गायकवाड. वय एकतीस. देवाच्या सेवेत यायच्या आधी ते वॉटर प्युरिफायरच्या मार्केटिंगमध्ये होते. त्यामुळे कुठलीही गोष्ट लोकांच्या दारापर्यंत नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका शुक्रवारी त्यांनी बॅगेतून सहा पाट्या काढल्या. निळं अॅक्रिलिक, पांढरी अक्षरं, स्टेशनजवळच्या नेमप्लेटवाल्याकडून करून घेतलेल्या. सहनशीलता, सत्य, सौम्यता, नम्रता, क्षमा, संयम.

"सद्गुण नुसते ऐकून अंगात येत नाहीत," पाळक म्हणाले. "एक महिना, एक घर, एक पाटी. दारावर, बाहेरून! येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे. आणि शेवटच्या शुक्रवारी त्या घराने साक्ष द्यायची, महिनाभर काय अनुभव आला त्याची."

अप्पा निवृत्त हेडमास्तर, वय एकोणऐंशी. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे गृहपाठ आपण करायचा आणि तपासायचा बिल्डिंगने!"

*

पहिली पाटी आमच्या दारावर आली. सहनशीलता! पाळकांनी मुद्दाम दिली असं सगळ्यांचं मत पडलं. माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. नववी ब मला आपापसात ‘कुकर’ म्हणते, हे मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

पाटी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या परब काकू आल्या. मूळच्या कुडाळच्या, बोलायला गोड. दाराशी उभं राहून त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"टीचर, महिनाभर आहे ना हे?"

"हो. का?"

"आमच्या सूनबाईने ढोल पथकात नाव घातलंय. गणपतीची तयारी आत्तापासूनच सुरू. घरी वाजवलं की सासरे ओरडतात. म्हटलं, तुमच्या दारासमोर पॅसेज आहे, आणि या महिन्यात तुमची हरकतही नसणार!"

मी पाटीकडे बघितलं आणि "या" म्हटलं.

रोज संध्याकाळी सहा ते सात सूनबाई कमरेला ढोल बांधून आमच्या दाराशी उभी! दहावीच्या चाचणीचे पेपर तपासताना माझ्या लाल पेनच्या खुणाही तालात पडायला लागल्या. एका मुलाला मी सलग चार बरोबर दिले, ठेका तसा होता म्हणून. मग परत काढून घेतले. हे सहनशीलतेत बसतं की अन्यायात, तेच मला कळेना.

बाराव्या दिवशी मी दार उघडलं आणि इतक्या मोठ्याने ओरडले की ढोल थांबला, खालच्या मजल्यावरचा टीव्ही थांबला आणि जिन्यात कुणाची तरी चप्पल पडली. माझं मलाच वाईट वाटलं. म्हटलं, आता माफी मागावी.

तेवढ्यात वरच्या जिन्यातून परब काकू वाकून, अगदी काळजीने म्हणाल्या, "अहो टीचर, अजून अठरा दिवस आहेत!"

*

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला होता.

अप्पा आणि साळवे काका एका गावचे, एका बोर्डिंगमध्ये वाढलेले, एकाच वर्षी डोंबिवलीला आलेले. समोरासमोर घरं घेतली ती ठरवून. दोन दारांत तीन पावलांचं अंतर. आणि गेली नऊ वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आमच्यात भेटल्यावर करतात तो साधा ‘सलाम’ही नाही.

कारण माझ्या आईची माती, म्हणजे दफन. साळवे काका म्हणजे आमच्या मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, सगळ्यात खणखणीत गळा. आई त्यांना भाऊ म्हणायची. दवाखान्यात तिने त्यांच्याकडून शब्द घेतलेला, "भाऊ, माझ्या मातीला माझं आवडतं गीत तुम्हीच म्हणायचं." आणि त्या दिवशी कबरीपाशी काकांनी पुस्तक उघडलं, मिटलं आणि सगळ्यांदेखत चालत बाहेर निघून गेले. आम्ही उभेच! गीत झालंच नाही.

अप्पांनी त्यांना गेटवर गाठलं आणि म्हणाले, "शब्द पाळता येत नसेल तर यापुढे मंडळीत तोंड दाखवू नका." काका काही बोलले नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं बोललेच नाहीत.

मीटिंगला मात्र दोघंही येतात! एक खिडकीपाशी बसतो, एक दारापाशी. मार्था काकूंची जवसाची चटणी आमच्याकडे येते, आमचा रविवारचा पुलाव तिकडे जातो. नवरे बोलत नाहीत, डबे बोलतात.

आता आमची बिल्डिंग पाडायची ठरली. डिसेंबरअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची. आम्ही बाळकुमला भाड्याने जाणार, सत्ताविसाव्या मजल्यावर. साळवे काका खडवलीला, भाच्याच्या बैठ्या घरात. नवी बिल्डिंग उभी राहायला चार वर्षं तरी लागतील, आणि तेव्हा अप्पा त्र्याऐंशीचे असतील. गणित मला येतं, म्हणूनच मला भीती वाटत होती. हे दोघं न बोलता गेले तर एकाच्या मातीला दुसरा येईल का, हाच विचार मी जिना चढताना करायचे आणि उतरतानाही.

म्हणून मी त्या पाट्यांकडे एवढी डोळे लावून होते. म्हटलं, क्षमेची पाटी येऊ दे!

पण ती इतक्यात आली नाही.

*

आधी सत्य आलं, शालिनीताईंकडे. महिनाभर खोटं बोलायचं नाही! ताई सरकारी दवाखान्यात नर्स, त्यामुळे "जरासुद्धा दुखणार नाही" हे वाक्य त्या दिवसातून साठ वेळा बोलतात. ते बंद झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका पेशंटला सांगितलं, "दुखेल, चांगलंच दुखेल," तर तो उठून पळाला आणि सुई त्यांच्या हातातच राहिली.

पण खरी कसोटी त्यांच्या भाच्याच्या लग्नाची. मुलीकडचे कल्याणहून बघायला आले ते नेमके त्या महिन्यात. भाचा ताईंकडेच राहतो, त्यामुळे बोलणार त्याच. घरच्यांनी त्यांना हात जोडून सांगितलेलं, "ताई, आज पाटी काढून ठेव!" पण ताई एकदा म्हणाल्या की म्हणाल्या.

चहा झाला. मुलीच्या आईने विचारलं, "मुलाच्या सवयी कशा काय?"

भाच्याने डोळे मिटले. ताई म्हणाल्या, "पोरगा मनाने चांगला आहे. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या आत उठत नाही. मी पाणी मारून बघितलंय."

मुलीची आई नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा बायकोकडे. मग बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "सुटलो बाई! आमचीपण अकरालाच उठते. कसं सांगायचं म्हणून आम्ही रस्ताभर टेन्शनमध्ये!"

लग्न ठरलं. साक्षीच्या दिवशी ताई म्हणाल्या, "सत्याचा विजय झाला." मागून अप्पा म्हणाले, "विजय सत्याचा झाला की झोपेचा, ते एकदा नक्की करा."

*

सौम्यतेची पाटी पाळकांनी स्वतःकडे ठेवली. "मी पण शिकतोय," म्हणाले. आम्हाला त्यांचं फार कौतुक वाटलं.

पाटी बॅगेत, बॅग खांद्याला, आणि पाळक स्कूटरवरून ठाण्याला निघाले. माजिवड्याला सिग्नल सुटला आणि एका रिक्षाने त्यांच्या स्कूटरला घासून आपली रिक्षा पुढे घातली. आरसा गेला. पाळकांनी पुढे जाऊन रिक्षा अडवली आणि मार्केटिंगच्या दिवसांत जी भाषा मागे ठेवलेली, ती तिथे भर चौकात बाहेर काढली! पाच मिनिटं.

रिक्षावाला शांतपणे ऐकत होता. त्याची नजर पाळकांच्या खांद्यावर. बॅगेतून पाटी अर्धी बाहेर आलेली.

तो म्हणाला, "साहेब, ये सौम्यता बेचते हो क्या? एक खुद के लिए रख लो ना!"

हे आम्हाला कळलं कसं? पाळकांनी स्वतः साक्षीत सांगितलं. वर आम्हालाच विचारलं, "ही साक्ष झाली की कबुली?" शेवटी मार्था काकू म्हणाल्या, "आधी चहा घ्या, मग ठरवू." ते काही अजून ठरलेलं नाही.

*

नम्रता गेली साळवे काकांकडे. काकांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि परत पाळकांच्या हातात दिली.

"दारावर ‘नम्रता’ लिहून बसणारा माणूस नम्र कसा?"

पाळक विचारात पडले. "मग आत लावा काका. भिंतीवर."

"आत लावली तर रोज ती बघून मला वाटणार, मी केवढा नम्र, बाहेरसुद्धा लावली नाही!"

पाळक खुर्चीवर बसले. "मग... कपाटात ठेवा?"

"आणि रोज आठवण काढू की कपाटात काय लपवून ठेवलंय मी?"

पाळकांनी मार्था काकूंकडे पाणी मागितलं. शेवटी पाटी कुठे गेली ते महिनाभर कुणाला कळलं नाही. काकू म्हणतात, गादीखाली होती आणि त्यांची पाठ धरलेली.

महिनाअखेर काका साक्षीला उभे राहिले. म्हणाले, "मी महिनाभर काहीही केलं नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! केवढी ही नम्रता!

काकांचा चेहरा लाल. "अहो, टाळ्या काय वाजवताय? खरंच काही केलं नाही!"

आणखी टाळ्या. शालिनीताईंच्या डोळ्यांत पाणी.

"मी रोज दुपारी झोपलो!" काका ओरडले. टाळ्या थांबेनात. तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या अप्पांनी, काकांकडे न बघता, बाहेरच्या गुलमोहराला उद्देशून सांगितलं, "एवढं खरं हा माणूस पहिल्यांदाच बोलला."

मी काकांकडे बघितलं. ते हसले असं मला वाटलं. पण त्यांनी लगेच रुमाल काढला आणि खोकले, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

*

आणि ऑक्टोबरमध्ये एकदाची क्षमा आली, आमच्या दारावर! मी पाटीला हात लावून मनातल्या मनात प्रार्थना केली. पाळकांनाही सगळं माहीत होतं. ते अप्पांच्या समोरच येऊन बसले.

"अप्पा, साळवे काकांना क्षमा कराल?"

"केव्हाच केलीय," अप्पा म्हणाले. "मातीनंतर तिसऱ्या दिवशी."

मी विचारलं, "मग नऊ वर्षं बोलत का नाही?"

"बेबी, क्षमा केली म्हणजे बोलायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?" मी एक्कावन्न वर्षांची आहे, अप्पांची मी बेबीच.

"निदान त्यांना सांगायचं तरी!"

"सांगितलं की उपकार होतो. क्षमा गुपचूप करायची असते."

माझं डोकं फिरलं, कारण ऐकायला ते बरोबर वाटत होतं. पण पाळकांचा चेहरा उजळला. ते उठले, तीन पावलं चालले आणि समोरची बेल वाजवली. मी "थांबा" म्हणेपर्यंत उशीर झालेला.

"काका, आनंदाची बातमी! अप्पांनी तुम्हाला क्षमा केलीय!"

साळवे काका दारात येऊन उभे राहिले. "क्षमा? मला? कशाबद्दल?"

पाळक गोंधळले. "म्हणजे... त्या गीताबद्दल..."

"अहो, क्षमा मी केलीय त्याला! गेटवर तो जे बोलला त्याबद्दल. त्याच संध्याकाळी!"

आमच्या दारातून अप्पा जिन्याकडे बघत गरजले, "त्याच संध्याकाळी? अशक्य! मला तीन दिवस लागले. याची झाली कशी त्याच संध्याकाळी?"

काका छताकडे बघत म्हणाले, "काहींचं मन मोठं असतं!"

मग काय विचारता! कुणी आधी क्षमा केली, कुणी जास्त केली, कुणाची खरी, यावरून असं भांडण जुंपलं की नऊ वर्षांत झालं नव्हतं. तेही एकमेकांशी न बोलता. एक जिन्याशी बोलत होता आणि एक छताशी. दोन्ही दारं धाडकन बंद झाली.

आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी कांबळे भाऊ वर आले. पाळक पायरीवर डोकं धरून बसलेले. "कांबळे भाऊ, मला समजत नाहीये. दोघांनीही एकमेकांना क्षमा केलीय. मग भांडण आहे कुठे?"

भाऊ म्हणाले, "दिलीय दोघांनी. घेतली कुणीच नाही ना!"

दुसऱ्या दिवसापासून चटणी बंद, पुलाव बंद. निदान डबे बोलायचे, तेही थांबले. क्षमेने हे केलं! मी वर्गात गेले, फळा पुसला, पुसलेलाच परत पुसला, आणि काय शिकवायचं ते आठवेना. नववी ब एकदम शांत बसली. पोरांनासुद्धा कळलं की आज बाईंचं काहीतरी बिनसलंय.

*

शेवटची पाटी राहिली ती संयमाची. तेव्हा परब काकू आल्या आणि थोड्या रागावूनच म्हणाल्या, "आम्हाला नाही का एखादी? का आमच्यात सद्गुण लागत नाहीत?"

पाळक परत गोंधळात. हे चालतं का, कुणाला विचारायचं, साक्ष कुठे द्यायची? शेवटी म्हणाले, "घ्या काकू. देव काय वेगळा आहे?"

काकूंनी पाटी दारावर न लावता थेट फ्रीजवर लावली. परब काकांना शुगर आहे आणि फ्रीजमध्ये सतत काहीतरी गोड. पहिला आठवडा मस्त गेला. काकू आम्हाला जिन्यात थांबवून सांगायच्या, "टीचर, गुण आला हो पाटीचा!"

दुसऱ्या आठवड्यात शुगर तपासली तर आधीपेक्षा जास्त! घरात कुणालाच कळेना. मग एका दुपारी काकू अचानक स्वयंपाकघरात गेल्या. परब काका मन लावून श्रीखंड खात उभे, आणि फ्रीजवरची पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

"हे काय?" काकू ओरडल्या.

काका चमचा चाटत म्हणाले, "तिच्यासमोर कसं खाणार? बरं दिसतं का ते?"

*

डिसेंबर आला. साळवे काकांचा टेम्पो आमच्या आधी एक आठवडा. शनिवारी सकाळी सात वाजता सगळं सामान भरून झालं. कपाट, दोन पलंग, शिलाई मशीन, कुंड्या. टेम्पोवाला घाई करत होता, कारण आठनंतर शहरात मोठ्या गाड्यांना बंदी. पण मार्था काकू टेम्पोत बसेनात.

"प्रार्थना झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

आमच्यात घर सोडताना प्रार्थना होतेच. ती करायला पाळक येणार होते, आणि पाळक अडकलेले शिळफाट्याला. फोनवर नुसते हॉर्न ऐकू येत होते. शालिनीताई ड्यूटीवर. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण मला रडूच आलं. समोरचं दार उघडं, आतली खोली रिकामी, भिंतीवर कॅलेंडरची चौकट तेवढी उरलेली.

मग मार्था काकू थेट आमच्या दारात आल्या. "अप्पा, तुम्ही करा."

प्रार्थना करा असं कुणी म्हटलं तर आमच्यात नाही म्हणत नाहीत. भांडण असो, ताप असो, तोंडात घास असो. अप्पा उठले. डोक्यावरची कानटोपी काढली, जिना उतरून खाली आले आणि टेम्पोपाशी उभे राहिले. साळवे काका तिथेच, दोन हातांवर. परब काकू, कांबळे भाऊ, सगळे हात जोडून उभे. आम्ही डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या, ही माणसं निघालीत. रस्त्यात सांभाळ. सामान सांभाळ. मार्थाबाईंचे गुडघे सांभाळ."

अप्पा थांबले. मला वाटलं, झालं. आता आमेन.

"आणि त्यांच्या नवऱ्यालाही सांभाळ. तो बीपीची गोळी विसरतो. खडवलीला नदी आहे, हा काठावर जाऊन बसेल. त्याला पोहता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे."

"देवा," साळवे काकांचा आवाज आला, "मला पोहता येतं."

मी डोळे उघडणार होते, पण प्रार्थनेत कसे उघडणार?

"देवा, प्रवरेत बुडताना याला मी बाहेर काढलं. तू बघितलंयस."

"काढलं, देवा. पण त्याआधी ढकललं कुणी, तेही तू बघितलंयस."

टेम्पोवाल्याने हॉर्न मारला. कुणीतरी त्याला "शू!" केलं. मग काका बोलायला लागले. तो खणखणीत आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, आम्हाला जेमतेम ऐकू येत होतं.

"देवा, याच्या बायकोच्या मातीला मी गायलो नाही. पुस्तक उघडलं आणि अक्षर दिसेना. तोंडपाठ गीत, पण गळ्यातून हवाच निघेना. बहीण होती ती माझी. सगळ्यांसमोर हंबरडा फुटेल म्हणून बाहेर पडलो. हे नऊ वर्षं मी तुला रोज सांगतोय. तू याला एकदाही सांगितलं नाहीस."

माझ्या गालावरून पाणी खाली येत होतं. पुसायला हात उचलवेना.

अप्पा म्हणाले, "देवा, मी त्याला विचारलंच नाही. गेटवर मी जे बोललो ते चुकलं. फार चुकलं. एवढं त्याला कळव."

"कळलं, देवा."

आता आमेन म्हणायचं कुणी? जो म्हणेल त्याने हे संपवलं असं होणार! अप्पा म्हणेनात, काका म्हणेनात, आमची कुणाची हिंमत होईना. टेम्पोवाल्याने परत हॉर्न मारला तरी कुणी हललं नाही. शेवटी परब काकूच मोठ्याने म्हणाल्या, "आमेन!" त्यांचं दूध गॅसवर होतं.

आम्ही डोळे उघडले. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडणार! छे. अप्पा कानटोपी घालत होते. काका दोरीची गाठ घट्ट आहे का ते बघत होते. कुणी कुणाकडे बघितलं नाही. काका पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले, काकूही बसल्या.

एवढ्यात स्कूटर कशीबशी उभी करून पाळक धावत आले. घामाघूम. "झाली प्रार्थना? कुणी केली?"

मी अप्पांकडे बोट दाखवलं. पाळकांनी एकदा अप्पांकडे, एकदा टेम्पोत बसलेल्या काकांकडे बघितलं. माझे डोळे बघितले. त्यांना काहीच कळेना. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अप्पा, तुम्ही... बोललात काकांशी?"

"मी?" अप्पा म्हणाले. "मी देवाशी बोलत होतो. हाच मध्ये मध्ये बोलत होता!"